येनटोलीचा धूर

पुंडलिकरावांना स्वतःचा हात सापडायला बारा वर्षं लागली. पवनीच्या एका शाळेत ते चित्रकला शिकवत आणि उरलेल्या वेळात रंगीत नकाशे काढत. आधी त्यांचे नकाशे चारचौघांसारखेच असत. तलावाला निळा, जंगलाला हिरवा, गावाला काळा ठिपका. मग एका उन्हाळ्यात ठिपक्याच्या जागी त्यांनी इवलं कौलारू घर काढलं आणि बारीक कुंचल्याने कौलांमधून राखी धुराची एक रेघ वर सोडली. माणूस तिथे चूल आणि चूल तिथे धूर, एवढीच युक्ती. पण नकाशा श्वास घेऊ लागला. लोक त्यांना 'धुराचे मास्तर' म्हणू लागले, आणि ते त्यांना फार आवडे.

१९७८ साली एका सरकारी कचेरीच्या भिंतीसाठी त्यांनी त्या भागाचा सहा फुटी नकाशा हाती घेतला. प्रत्येक गाव स्वतः पाहूनच काढायचं, हा त्यांचा नेम. कोंढ्यापर्यंत ते एसटीने गेले. पुढे येनटोली, दोन कोस, धानाच्या बांध्यांतून गुडघाभर चिखल. कोंढ्याच्या हॉटेलात बसलेल्या भय्याजींना त्यांनी विचारलं, तिकडे घरं किती?

"कायले जाता जी मास्तर चिखलात? छप्पनच्या दीक्षेपासून ते आपल्या देवळात नाही येत, आपण त्यांच्या टोलीत नाही जात. रिठीच समजा!"

रिठी म्हणजे उजाड गाव. कागदावर नाव, जमिनीवर माणूस नाही. भय्याजी कुचेष्टा करताहेत हे पुंडलिकरावांना कळलं होतं. तरी चहा संपवून ते परतीच्या गाडीत बसले आणि घरी येऊन सुबक अक्षरांत लिहिलं: येनटोली, रिठी. घर नाही, धूर नाही. याला नजरचूक म्हणायची सोय नाही. नजर चुकायला आधी ती टाकावी लागते.

त्याच नकाशापुढे उभं राहून साहेबांनी हातपंपांची गावं ठरवली.

तीन वर्षांनी नकाशाला वार्निश द्यायला त्यांना बोलावलं, तेव्हा 'रिठी' या शब्दावर एक राखी रेघ उभी होती. खाली घर नव्हतं. टोकाशी डावीकडे घेतलेला तो हलका झोक त्यांच्याशिवाय कुणाला जमत नसे. त्यांनी ब्लेडने ती खरवडली.

"काय खोडून राहिले मास्तर?" शिपाई बाबूलालने विचारलं.

"डाग आहे."

दुसऱ्या दिवशी तिथे सतरा रेघा होत्या.

त्या दुपारी ते येनटोलीला गेले. घरं मोजली; सतरा. दिवस कलला होता, चुली पेटल्या होत्या. शकुनबाई नावाच्या म्हातारीने अंगणात बाज टाकली, पाण्याचा गडवा पुढे केला.

"बसा जी. तुमीच नं ते धुराचे मास्तर? पानी बोडीचं, उघड्या तळ्याचं आहे, पन गाळलं आहे. आमाले पंप नाही भेटला. सायेब म्हने, गावच नाही तं पंप कोनाले देऊ?" आणि ती मनापासून हसली.

त्यांनी गडवा खाली ठेवला. मग त्यांच्या लक्षात आलं, आपले डोळे चुरचुरत नाहीत. चुलीत ओली लाकडं फुसफुसत होती, आणि छपरावर नुसतं स्वच्छ आकाश होतं. सतराही छपरांवर.

"धूर... कुठे जातो?"

"मालूम नाही जी. तीन सालं झाले. पह्यले वाटलं, बरं झालं, डोये वाचले. आता भेव लागते. कोनी नेला असन आमचा धूर?"

सांगायची वेळ तीच होती. पुंडलिकराव म्हणाले, "लाकूड चांगलं असेल," आणि उठले.

सकाळी कचेरी उघडताच त्यांनी गुपचूप 'रिठी' खोडलं आणि त्या रेघांखाली सतरा घरं रंगवली. "रंग उडाला होता," त्यांनी बाबूलालला सांगितलं. साहेबांकडे ते गेले नाहीत. कबुलीच्या अर्जाचा कागद खिशात कोराच घडी होऊन राहिला.

घरी आले तेव्हा कुंताबाई, त्यांची बायको, चुलीपुढे बसली होती. जाळ मोठा होता. तिने पदराने कपाळ पुसलं आणि हसून म्हणाली,

"आज लाकडं लई बेस आणली जी तुमी. पाहा, डोळ्याले पाणीच नाही."