उभ्या गाड्यांचा गॅस

माझी सून कॉम्प्युटरपुढे बसून आफ्रिकेतल्या दोन देशांच्या गाड्या किती मिथेन सोडतात त्याची तुलना करते, असं मी सांगितलं की शेजारणी तोंडाला हात लावून हसतात. हसा म्हणावं. त्यांच्या सुना दिवसभर काय करतात ते मला खिडकीतून दिसतं. मी शाळेत जेमतेम अक्षरओळखीपुरती गेले, पण मिथेन म्हणजे काय ते मला विचारा. माझ्या थोरल्याच्या बस ज्या गॅसवर पळतात, तोच तो.

त्या दुपारी सून जेवत होती, म्हणजे घास हातात धरून बसली होती.

"काय गं, ताटाशी भांडलीस का?"

"आई, दोन्ही देशांत गॅसवरच्या बस जवळजवळ तेवढ्याच. मग एकाचा आकडा दुसऱ्याच्या निम्मासुद्धा कसा नाही?"

"एक खोटं बोलत असेल. माणसं बोलतात, मग देशांना काय धाड भरलीय?"

ती हसली नाही. म्हणाली, "खोटं नाही. आत्ता सापडलं मला. एकाने फक्त धावत्या बसचा धूर मोजलाय. दुसऱ्याने शेडमध्ये उभ्या असलेल्या बसही मोजल्या. टाकीच्या झडपेतून, नळीच्या सांध्यातून गॅस झिरपत असतो."

"गाडी बंद असताना?"

"बंद असतानाच. आणि हवेपेक्षा हलका, म्हणून वर छताला जाऊन बसतो." एवढं बोलली आणि तिने हातातला घास ताटात टाकला. "आई, ह्यांनी आपल्या बसच्या शेडची छताखालची फट बुजवलीय ना?"

बुजवली होती. कबुतरं त्या फटीतून येऊन बसच्या टपांवर घाण करायची आणि माझ्या थोरल्याला डाग म्हणून खपत नाही, माझ्यावरच गेलाय. भिंत आणि छत यांच्यामधली सगळी फट त्याने पत्रे ठोकून बंद करत आणली होती. कोपऱ्यातला एकच पत्रा राहिला होता. तो जोडायला आज वेल्डर शिडी लावून आत चढणार होता.

सुनेने फोन लावला. रिंग गेली नि गेली. काम सुरू असलं की हा शहाणा फोन खणात टाकून ठेवतो. तिने गॅस मोजायचं ऑफिसचं यंत्र उचललं, मी चपला सरकवल्या. रिक्षात बसल्यावर मी म्हटलं, "गळत असता तर वास आला नसता का? त्या गॅसला वास असतो."

"दिवसभर तिथेच वावरणाऱ्याचं नाक मरतं, आई."

त्यानंतर मी रस्ता संपेपर्यंत रिक्षावाल्याला घाई करत राहिले.

शेडचं शटर अर्ध्यावर होतं. आत बस ओळीने उभ्या, टप चकचकीत. वेल्डर शिडीच्या वरच्या पायरीवर, तोंडावरची काच खाली ओढत होता.

"उतर खाली!" मी ओरडले. "हातातलं काही पेटवलंस तर बघ!"

"मावशी, पाच मिनिटांचं काम आहे."

"तुझी पाच मिनिटं घाल चुलीत. उतर म्हणते ना!"

थोरला गाड्यांच्या मधून आला. "आई, माणसांसमोर काय तमाशा लावलायस? कामाची मजुरी चढतेय."

सुनेने यंत्र चालू केलं. ते वाजलंच नाही. थोरल्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच लहान. मग तिने ते लांब झाडूच्या दांड्याला बांधलं आणि वर, छताकडे नेलं. टपाच्या उंचीवर ते एकदा टुक करून वाजलं. आणखी वर गेलं तसं किंचाळायला लागलं, आणि थांबेचना.

वेल्डर कधी शिडी उतरला ते कळलंच नाही.

"अरे देवा! थांबा, पंखा लावतो, सगळं बाहेर जाईल," असं म्हणत थोरला भिंतीकडे वळला. त्याचं बोट बटणाला टेकणार तेवढ्यात मी त्याचं मनगट धरलं. सूनही किंचाळली, "बटण नको! ठिणगी पडते!" लहानपणी त्याला इतकं घट्ट धरलं नव्हतं.

यंत्र तिथेच टाकून आम्ही वाकून एकामागून एक बाहेर आलो. रस्त्यापलीकडच्या कट्ट्यावर बसलो. आतून यंत्राचा आवाज येतच होता. सूनबाई गॅसवाल्यांच्या तातडीच्या नंबरावर बोलत होती.

"आता कोणी आत जायचं नाही," ती फोन ठेवत म्हणाली. "ते येईपर्यंत नाही."

थोरला मान खाली घालून बसला होता. मग हळूच म्हणाला, "आई, पुढच्या वळणावरच्या शेडवाल्यानेही माझंच बघून पत्रे मारायला घेतलेत. त्याच्याही बस गॅसवरच्याच. मीच म्हटलं त्याला, कबुतरांचा कायमचा बंदोबस्त होतो. ह्या वेल्डरच्याच भावाला लावून दिलं कामावर."

वेल्डर ताडकन उभा राहिला. "तो सकाळपासून तिथेच आहे," म्हणाला आणि खिशातला फोन काढून कानाला लावला. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होते. रिंग वाजत होती, मला इथवर ऐकू येत होती. भाऊ उचलत नव्हता.

वळणावरच्या त्या शेडचं शटर कट्ट्यावरूनच दिसत होतं, खाली ओढलेलं. खालच्या फटीतून वेल्डिंगचा निळा उजेड लागत होता, विझत होता, परत लागत होता.

थोरला पळत सुटला. "थांब!" म्हणून मी त्याच्यामागे ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझं ऐकावं म्हणून मी देवाला विनवत होते, आणि ऐकू नये म्हणूनही. कारण तिथे आत कुणाचा तरी मुलगा होता.