औत धरेपर्यंत

पंच म्हणजे परमेश्वर म्हणतात. हिलालच्या परमेश्वरांनी त्याच्याच ओट्यावर बसून, त्याचीच तंबाखू मळत निकाल दिला होता. बायको छबूबाई त्याला सोडून तळोद्याकडच्या दगा नावाच्या गड्याशी पाट लावून गेली, तान्ह्या भिलाला घेऊन. पंच म्हणाले, पोरगा औत धरेपर्यंत त्याच्या पोटाची दादर ज्वारी हिलालने दरसाल पोचवावी. पण त्याच्यापुढे बाप म्हणून उभं राहू नये, नाहीतर पोर नव्या घरात रुळायचं नाही. साहेबाच्या कचेरीत जावं, तर वकील खळ्यासकट गिळणार. हिलालने मान डोलावली.

तेव्हापासून दर चैत्रात तो गाडी जुंपायचा आणि वाटभर पंचांचा उद्धार करायचा. पिकवायचं मी, खायचं दगाच्या घराने, आणि वर बापही दगाच! पाऊस दडी मारो की टोळ येवो, दादर कधी चुकली नाही. स्वतः तो कण्यांवर दिवस काढी. गाडी दारात लागली की छबूबाई पोराला आत पिटाळी. पाठ दिसली तर दिसली. चोरालासुद्धा तुरुंगात घरचं माणूस भेटू देतात हो!

यंदा गावाच्या शिवारात शिरताच त्याने गाडी थांबवली. दगाच्या शेतात भिला एकटा नांगर हाकत होता, आणि तास कसं सरळ! हिलालची छाती भरून आली. पण पोराने औत धरलं, म्हणजे दादर बंद. दादर बंद, म्हणजे या गावात यायचं निमित्तच संपलं.

गाडी ओळखून भिला बांधाशी आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो समोर उभा होता. नाक थेट हिलालच्या आईचं.

“बाबा, मन्हा बाप सांगस, तुम्ही आमनं जुनं देणं लागतस,” तो कळवळून म्हणाला. “आते मी औत धरस. घरमा दाणा भरपूर शे. मी बापले सांगसू, तुमनं देणं माफ. या वयमा कितला फेरा मारशात?”

मेल्या पंचांनी दिला नाही तो न्याय पोराने बांधावर उभ्या उभ्या दिला, तोही कीव करून. खरं काय ते हिलालच्या ओठांवर आलं होतं. पण ‘मन्हा बाप’ म्हणताना पोराचा चेहरा असा फुलला होता, की त्याने ते गिळून टाकलं.

“नही रे भाऊ,” त्याने हात जोडले. “तुले माहीत नही. मन्हं देणं अजून फिटनं नही. पुढला साल मी परत येसू.”