इंजिनावरचा कोयता

माझ्या लेकीचं, सुकन्याचं, इंजिन सहा डबे ओढेना, याला कारण मीच होतो.

शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. ज्या मुलीचा प्रयोग पहिला येईल तिला बीडच्या वसतिगृहात जागा मिळणार होती. नाहीतर दिवाळीनंतर सुकन्या आमच्याबरोबर ऊसतोडीला येणार, हे मी ठरवूनच टाकलं होतं. पंधरा वर्षांची झाली होती. वडवणीच्या बाजारातून तिच्यासाठी नवा कोयताही आणून ठेवला होता.

मास्तरांनी खेळण्यातलं जुनं इंजिन आणि रूळ दिले होते. डबे तिनंच पत्र्याचे केले, त्यांत खडी भरली. फळीच्या चढावर ही गाडी चढवून दाखवायची होती. मी पडलो बैलगाडीवाला. ओढणाऱ्याच्या अंगावर ओझं नको, म्हणून मोठ्या शहाणपणानं इंजिनाच्या पोटातली लोखंडी पट्टी काढली आणि भंगारवाल्याला देऊन मोकळा झालो. तेव्हापासून चाकं जागच्या जागी गरगरायची, गाडी तसूभर हलायची नाही. प्रदर्शन उद्यावर आलं आणि पोरगी माझ्याशी बोलेना.

"मोटारीतच दम न्हाई," मी म्हणालो.

साखराबाई, माझी बायको, भाकरी थापत होती. "दम हाय की. धारूरच्या घाटात बैलं घसरायला लागली की मी मोळ्यांवरनं उतरून पुढं जुवापशी कशापायी बसती?"

बैलांच्या मानेवर वजन पडावं, खुरं रुतावीत म्हणून. इतकी वर्षं डोळ्यांदेखत बघत आलो होतो. मला माझीच लाज वाटली.

इंजिनावर ठेवायला जड काही सापडेना. वरवंटा मावेना, दगड घरंगळे. शेवटी मी खुंटीवरचा नवा कोयता काढला, मूठ ठोकून वेगळी केली आणि पातं सुतळीनं इंजिनावर बांधलं. तो कोणासाठी आणलाय हे सुकन्याला ठाऊक होतं. तिनं बटण दाबलं. चाकं एकदा घसरली, मग त्यांनी रूळ धरला आणि सहाही डबे चढावर गेले.

दुसऱ्या दिवशी तिचा पहिला नंबर आला. मला आनंद झाला, आणि आता घर सुनं होणार म्हणून वाईटही वाटलं.

मास्तर म्हणाले, "बंकटराव, इंजिन शाळेत ठेवतो. कोयता तेवढा सोडून न्या, तोडीला लागेल."

"ऱ्हाऊ द्या," मी म्हणालो. "काढला की घसरंल."