फुंकरबाबा आणि जावईबापूंचा पाय

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर मखमली आसनात फुंकरबाबा, आणि शेजारी लोखंडी खुर्चीवर, विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळून, गॅरेजवाला मेकॅनिक. तो आज चमत्कार म्हणून आला होता. आणला होता म्हणा, सासूबाईंनी.

"नीट बघा," बाबा ध्वनिक्षेपकातून म्हणाले. "जॅक सरकला, गाडी पोटरीवर आली, आतली रक्ताची नळी बंद. पाऊल गारठलं. आज हा माणूस चालतोय. कुठे टाका दिसतो? आम्ही याच्या रुमालावर फक्त एक फुंकर घातली."

पोटरीवर एक निळसर डाग तेवढा होता. पुढच्या रांगेने चष्मे पुसून टाके शोधले आणि सापडले नाहीत म्हणून हात जोडले. सासूबाईंचा ऊर भरून आला. रुमाल त्यांनीच नेला होता.

मेकॅनिक मान खाली घालून बसला होता. खरं काय ते त्याला पुरतं ठाऊक होतं. इस्पितळात डॉक्टरबाईंनी त्याच्या जांघेत सुईएवढं भोक पाडलं, तिथून बारीक तार धमनीतून थेट पोटरीपर्यंत नेली, बंद जागी इवलासा फुगा फुगवला आणि ती पुन्हा मिटू नये म्हणून जाळीची नळी बसवली. तो जागाच होता. रक्त पावलाकडे धावताना त्याने पडद्यावर पाहिलं. पण जांघेतली खूण चारचौघांत दाखवायची कशी? शिवाय सासूबाईंशी वाद कोण घालणार? डॉक्टरबाईंचं काम इतकं सफाईचं की ते दिसतच नव्हतं, आणि बाबांचा धंदा तेवढ्यावर चालला होता.

इतक्यात गर्दीतून वाट काढत शिंपीणबाई आल्या. तरण्या लेकीला त्यांनी दोघांच्या आधाराने उचलून आणलं होतं.

"सकाळी हिच्या नडगीवरून मोटारसायकल गेली," त्या म्हणाल्या. "पाऊल गार पडलंय. इस्पितळातच निघाले होते. मग म्हटलं," त्यांनी मेकॅनिककडे बोट केलं, "ह्यांचा पाय न कापता बरा झालाय, तर इथेच आणावं."

मेकॅनिकने मान वर केली. ही पोर त्याच्या भरवशावर इथे आली होती.

बाबांनी तिचं पाऊल मखमली पाटावर ठेववलं, डोळे मिटले, गाल फुगवले आणि फुंकर सोडली. "ऊब येतेय ना, बेटा?"

"खालून येतेय थोडी," ती कण्हत म्हणाली. टाळ्या पडल्या. सासूबाईंनी तळव्याला हात लावून साक्ष दिली, "गरम झालं हो."

"जरा मला बघू द्या," मेकॅनिक उठला.

"जावईबापू, खाली बसा," सासूबाईंनी दटावलं.

तो बसला नाही. डॉक्टरबाईंनी शिकवलं होतं तसं त्याने तिच्या अंगठ्याचं नख दाबून सोडलं. लाली लगेच परतायला हवी होती. नख पांढरंच राहिलं. तळवा गरम, वरची बाजू थंडगार. इंजिन कुठून तापतं हे ज्याला रोज हाताने कळतं, त्याला एवढं पुरे होतं. त्याने पाटावरची मखमल उचलली. खालून गरम पाण्याची रबरी पिशवी निघाली आणि डुबुक वाजली.

"ती आमच्या कंबरदुखीची आहे," बाबा म्हणाले.

फुंकरीने जगाचे पाय बरे करणाऱ्याच्या कमरेला गरम पाणी लागतं, हे भक्तांना त्या दिवशी प्रथमच कळलं.

"मग तुमचा पाय कसा बरा झाला?" शिंपीणबाईंनी विचारलं.

मेकॅनिकने पट्टा सोडला. सासूबाईंनी डोळ्यांवर पदर घेतला. विजार चार बोटं खाली सरकवून त्याने जांघेतला ठिपका भर सभेत दाखवला. "इथून तार घातली, डॉक्टरांनी. मी लाजेपायी बोललो नाही, चुकलंच माझं. ताई, उचला हिला. माझी गाडी बाहेर आहे."

इस्पितळात डॉक्टरबाई आधी तळव्यावरचा फोड बघून भडकल्या. "रक्त पोचत नाही त्या पायाला शेक देतात का? आणखी उशीर झाला असता तर पाऊल कापावं लागलं असतं." मग त्या कामाला लागल्या. तशीच तार, तसाच फुगा. मुलगी आता स्वतःच्या पायांनी आईच्या शिवणाच्या दुकानात जाते.

बाबा त्याच संध्याकाळी गाव सोडून गेले. पिशवी मात्र आठवणीने नेली.

हल्ली सासूबाईच भेटेल त्याला सांगतात, आणि भोक कुठे पाडतात हेही न लाजता दाखवतात: मार लागून पाऊल गार पडलं, पांढरं पडलं, तर फुंकर घालून घेऊ नका, शेकू नका, तडक इस्पितळ गाठा. आणि कुणी चमत्कार दाखवलाच, तर हात जोडण्याआधी पाटाखाली बघा.