नुसता हुंकार

तनयाला हुंकार द्यायची सवय होती. समोरचा बोलू लागला की ती "हो… हो…" करत राहायची. ऐकतेय, पुढे बोल, एवढाच त्याचा अर्थ. वेस्टमीड उपनगरातल्या ज्या जिममध्ये ती फ्रंट डेस्कला होती, तिथला मॅनेजर निमिष जन्माने ठाण्याचा. त्याला हा अर्थ कळत नव्हता, असं कोणी मला सांगू नये.

पहिल्याच दिवशी त्याने तिला 'सर नको, दादा म्हण' असं बजावलं होतं. साहेब दादा म्हणवून घेऊ लागला की त्याच्यापासून चार हात लांब राहावं. पण युनिव्हर्सिटीचं पहिलंच वर्ष, त्यात परक्या देशात मराठी बोलणारा साहेब मिळालेला, ही पोरगी हरखून गेली. दादाने सांगितलं म्हणून ती पहाटे पाचला एकटीने जिम उघडू लागली. काउंटरखालचं धोक्याचं बटण बंद पडलंय हे तिने तीनदा कळवलं. बघतो, म्हणाला.

शुक्रवारी पहाटे ग्रेग नावाचा एक मेंबर आला आणि त्याचं कार्ड चालेना. तनयाने नियमाप्रमाणे ओळखपत्र मागितलं. तो सरळ काउंटरच्या आत आला, तिला भिंतीशी अडवून उभा राहिला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, तू किती वाजता सुटतेस ते मला ठाऊक आहे. ती कशीबशी त्याच्या हाताखालून निसटली आणि टॉवेलांच्या खोलीत दार लावून बसली. सहाच्या शिफ्टवाली येईपर्यंत बाहेर त्याची पावलं फिरत होती.

दुपारी निमिषचा फोन आला. गोड बोलला. ग्रेग जुना मेंबर आहे, तूही जरा तुटक बोलली असशील, असे गैरसमज होतात, सोमवारी नेहमीसारखी ये. तनया हो… हो… करत ऐकत राहिली.

संध्याकाळी त्याने हेड ऑफिसला पाठवलेला ईमेल तिलाही आला. गैरसमज तनयाच्या बोलण्यामुळे झाला हे तिने फोनवर मान्य केलं आहे, तिची काही तक्रार नाही, सोमवारी पहाटे ती एकटीने यायला तयार आहे. आणि ग्रेगचं कार्ड पुन्हा सुरू करण्यात आलं आहे.

शनिवारभर तनया घराबाहेर पडली नाही. पार्सलवाल्याने दार वाजवलं, तर ती श्वास रोखून पलंगामागे बसून राहिली. आपण भित्र्या आहोत याचा तिला रागही आला, पण राग येऊन भीती काही कमी झाली नाही. रविवारी दुपारी तिने हेड ऑफिसला जे घडलं ते सगळं लिहून पाठवलं आणि मग निमिषला फोन लावला. तो पुन्हा समजावू लागला. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. थोड्या वेळाने तोच अडखळला.

"ऐकतेयस ना?"

"ऐकतेय. हो म्हणत नाहीये," तनया म्हणाली. "तो माणूस येणार असेल तर मी एकटी येणार नाही. माझी तक्रार आहे. ती मी वर लिहून पाठवलीये."

निमिष म्हणाला, "नो वरीज. रोस्टरमधून काढतो तुला."

खरं सांगायचं तर तिला आधी हायसंच वाटलं. नोकरी गेली तर गेली. दहा मिनिटांनी फोनवर शिफ्टचं नवं रोस्टर आलं. सोमवार, पहाटे पाच, उर्वी. आठवडाभरापूर्वी लागलेली मुलगी, अजून सगळ्या किल्ल्याही तिला ओळखता येत नव्हत्या. तनयाने लगेच उर्वीला फोन केला.

उर्वी खुशीत होती. दादाने आत्ताच फोन करून सांगितलं होतं की पहाटे काहीच काम नसतं, अगदी शांत असतं.

"ग्रेगबद्दल काही बोलला?"

"कोण ग्रेग?" उर्वीने विचारलं.