राखेतला हात

माझ्या नाकावर राग असतो, हे मी नाकारत नाही. बायको म्हणते, वर्कशॉपमध्ये आधी तुझं डोकं तापतं आणि मग भट्टी. पण त्या दिवशी जे झालं ते रागाच्या नावावर खपवता येत नाही, म्हणून सगळं क्रमाने सांगतो.

आम्ही दारं आणि टेबलं करतो. मी, माझा धाकटा भाऊ आणि पॉलिशला माझी बायको. मागच्या भिंतीला भट्टी आहे, लाकडाचे तुकडे जाळून तिच्या उबेवर ओल्या फळ्या वाळवायच्या. म्हणजे रोजचा भुसा आणि वर राख. आमचे वडील त्या धुळीनेच गेले. शेवटी शेवटी एक जिना चढताना तीनदा बसायचे. ते गेल्यावर धाकट्याने पत्रा कापून माणसाएवढं नरसाळं बनवलं आणि व्हॅक्यूमच्या मशीनला जोडलं. धूळ पाइपातून आत येते, नरसाळ्यात गरगर फिरते, कडेला आपटून खालच्या पिंपात पडते आणि वरून नुसती हवा बाहेर जाते. मी त्याला हसलो होतो. महिन्याभरात माझा खोकला थांबला, तेव्हा हसणं बंद केलं. शाबास मात्र म्हणालो नाही.

राखही त्यातूनच ओढायची, पण त्याला वडिलांपासूनचा एक नियम. भट्टीतली राख झाकणाच्या लोखंडी डब्यात दोन दिवस ठेवायची. मग घरातल्या थोरल्याने कोपरापर्यंत उघडा हात घालून तळ ढवळायचा, कारण राख वरून कितीही गार दिसली तरी तळाशी निखारा जिवंत असतो. थोरला ‘थंड’ म्हणाला तरच पाइप लावायचा. वडिलांनंतर तो हात माझा झाला, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा माज होता.

आता जे कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगतो. बावीस वर्षं घासायचं थरथरतं मशीन धरून माझ्या उजव्या हाताची बोटं आणि तळवा बधिर झाला होता. शर्टाची बटणं मी बायकोकडून लावून घ्यायचो. तिला वाटायचं, स्वारी या वयात लाडात आली आहे. मीही तसंच वाटू द्यायचो. खरं सांगितलं असतं तर राखेतला हात धाकट्याचा झाला असता, आणि ते मला सहन होणार नव्हतं.

त्या सकाळी मी डब्यात उजवा हात घातला, ढवळला, काही लागलं नाही. थंड, म्हणालो आणि राखेचा हात तसाच हातमोज्यात घालून कामाकडे वळलो. काहीतरी आठवून मागे पाहिलं तर धाकटा बाही वर करून डब्यावर वाकलेला. माझ्या मागून तपासत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याचं मनगट धरलं आणि अशी ठेवून दिली की तो बाकाच्या कोपऱ्यावर जाऊन आदळला. ओठ फुटला. चाळिशीचा माणूस, दोन मुलींचा बाप. माझ्या हातावर विश्वास नाही का, असं मी बायकोसमोर त्याला तीनदा विचारलं. तसं नाही दादा, एवढंच तो म्हणाला. ओठ पुसला आणि तपासायचं सोडून पाइप लावला. डबा रिकामा झाला.

त्यानंतर तासभर मी दारं घासली. पिठासारखा बारीक भुसा त्याच राखेवर, त्याच पिंपात पडत होता. मग मशीनची ओढ कमी झाली. पिंप भरलं असेल, ओत जाऊन, असं मी ओरडलो. धाकट्याने खिट्ट्या काढल्या आणि झाकण उचललं.

आधी नुसता ‘भप्प’ असा आवाज आला. मग पिंपातून पिवळी आग छतापर्यंत गेली. त्या धक्क्याने वाशांवरची कित्येक वर्षांची धूळ खाली सांडली, आणि तीही हवेतच पेटली. हा दुसरा बार मोठा होता. काचा रस्त्यावर गेल्या. झाकण माझ्या कानाजवळून जाऊन दारात रुतलं. धाकटा जमिनीवर पडला होता, त्याचे केस जळत होते आणि तो दोन्ही हातांनी तोंड झाकून लोळत होता. बायकोने ओलं पोतं त्याच्या डोक्यावर टाकलं आणि स्वतः त्यावर पडली. आग विझताच पोतं ओढून काढलं आणि पाणी आणायला धावली.

आणि मी काय केलं? मी पाइप उचलला. त्याच्या टोकाला लोखंडी कडं असतं. तू भट्टीतली ताजी राख ओढलीस, कामचुकारा, बाप धुळीने मारला आणि तू आम्हाला आगीने मारणार, असं ओरडत मी त्याला हाणलं. पहिला फटका पाठीत बसला. दुसरा हातावर बसला आणि त्याचा हात तोंडावरून बाजूला झाला. तिसरा तोंडावर बसला. त्याने एकदाही ‘मी नाही’ म्हटलं नाही. चौथ्यासाठी पाइप वर गेला तेव्हा बायकोने लाकडी मोगरी माझ्या खांद्यावर अशी घातली की पाइप सुटून पडला. आता उचललास तर पुढची डोक्यात घालीन, म्हणाली. तिने ती घातली असती.

दवाखान्यात डॉक्टर बाहेर आले. भाजलंय ते भरून येईल, म्हणाले. उजवा डोळा मात्र गेला. तो आगीने नाही गेला, तिथे काहीतरी लोखंडी लागलंय. काय लागलं, असं त्यांनी विचारलं. बायको माझ्याकडे बघत राहिली.

“मी मारलं,” मी म्हणालो. तेव्हाही माझ्या मनात होतं की चूक त्याची आहे, मारलं जरा जास्त.

आत त्याच्या खाटेशी बसायचं तर हात धुऊन ये, असं बायको म्हणाली. सकाळी घातलेला हातमोजा अजून तसाच होता. मी तो ओढला तर त्याच्याबरोबर कातडी निघून आली. चारही बोटं फोडांनी भरलेली, तळवा पांढरा पडलेला. राखेचे करडे कण अजून चिकटलेले. बायकोने माझं मनगट धरून हात उजेडात नेला.

“हे कधी भाजलं? आगीजवळ तर तू आलाच नाहीस.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आग मी विझवली नव्हती. पोतं तिने टाकलं होतं, मी लांबूनच पाइप चालवला होता. त्या दिवशी माझा उघडा हात फक्त एकाच ठिकाणी गेला होता. डब्याच्या तळाशी निखारा माझ्या मुठीत होता आणि मी थंड म्हणालो होतो.

दार उघडंच होतं. आत धाकट्याचं तोंड पट्ट्यांत होतं. पण कान शाबूत होते.

“वहिनी, त्याची बोटं वर्षभर मेलेली आहेत,” तो म्हणाला. “तो वळला की मी हात घालून बघायचो. आज नाही घातला.”

का नाही, ते तिने विचारलं नाही. ती सकाळी तिथेच उभी होती.

मला रडू फुटलं, आणि रडतानासुद्धा मी त्याच्यावरच चिडलो. “मग मला सांगायचं होतंस ना रे.”

“तू मारलं असतंस, दादा.”

तो रागाने बोलला नाही. उद्या कोणतं लाकूड आणायचं ते सांगावं, तसं बोलला. मग मान पलीकडे वळवली.

थोड्या वेळाने नर्स आली आणि माझा हात तिने मांडीवर घेतला. औषध जहाल आहे, झोंबेल, दात आवळून धरा, म्हणाली. मी दात आवळले. तिने कातडी कापली, बोट न बोट पुसलं, औषध लावलं, पट्टी बांधली आणि ट्रे उचलून निघूनही गेली. मी तसाच दात आवळून वाट बघत बसलो होतो.