बांधापलीकडचा तुकडा

मी नांगर बोलतोय. खरं तर बोलायची मला सवय नाही. नाकासमोर चालायचं, मागे वळून बघायचं नाही, हा माझा स्वभाव. पण आज गप्प राहवत नाही.

सुताराने मला बाभळीच्या लाकडातून घडवलं, लोहाराने फाळ बसवला. मूठ बेतली ती मालकांच्या मापाने. मालकिणीचंही माप घ्यावं, असं कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

मालकांचं शेत बांधाच्या अलीकडे, मालकिणीचा तुकडा पलीकडे. माती एकच. पाऊस पडून वाफसा आला, म्हणजे माती ना चिखल ना ढेकूळ अशी झाली, की मी आधी मालकांच्या शेतात जायचो. मग त्यांच्या थोरल्या भावाकडे. मालकिणीकडे पोचेपर्यंत ओल उडालेली असायची आणि मी नुसता ढेकळांवर डोकं आपटायचो. खताचंही तेच, उरलंसुरलं तिला. मग पीक विरळ आलं की मालक म्हणायचे, "बायकांच्या हाताला शेतीचं वळणच नाही." मला तळपाय नाहीत, नाहीतर त्यांची आग मस्तकात गेली असती.

गेल्या वर्षी ऐन नांगरणीत मालकांचा पाय मोडला. मालकिणीने कंबर कसली. माझी मूठ तिच्या पार छातीशी यायची, खांदे भरून यायचे, तरी तिने सोडली नाही. वाफसा होता तोवर आधी आपला तुकडा नांगरला, मग मालकांचं शेत. तिचं पीक असं तरारून आलं की येणारे-जाणारे थबकायचे. अलीकडचं मात्र यथातथाच.

मालक काठी टेकत बांधावर आले. "या तुकड्याची मातीच कसदार दिसतेय."

"अहो, माती तीच आहे. नांगर वेळेवर लागला, एवढंच."

"तुझं आपलं काहीतरीच!" मालक हसले. ते हसू मला आवडलं नाही.

काल गोठ्यात माझ्या शेजारीच उभे राहून ते थोरल्या भावाला म्हणाले, "दादा, यंदा बांध फोडून तो तुकडा माझ्या शेतात घेतो. तिला टेकाडावरची मुरमाड जमीन देऊ. कष्टाळू आहे, तिथेही पिकवेल."

"तिला सांगितलंस?"

"त्यात काय सांगायचं? कळेलच."

तिला अजून कळलेलं नाही. आज सकाळी ती आपल्या तुकड्यात खताची पाटी रिकामी करत होती. मालकांनी मला जुंपलं आणि बैल थेट बांधाकडे वळवले. तिने पाहिलं, हात झटकले, आणि तिचा चेहरा खुलला.

"म्हणजे यंदा आधी माझ्याकडे? ऐकलंत बाई एकदाचं!"

मालकांनी नजर बैलांवरच ठेवली. त्यांनी मूठ खाली दाबली. माझा फाळ आता बांधाला टेकलाय. मला मागे सरता येत नाही, बैलांना काही कळत नाही. तुम्हाला माझं ऐकू येत असेल तर कुणीतरी तिला हाक मारा. मी अडू नये म्हणून बांधावरचे दगड ती हसत हसत स्वतःच्या हातांनी बाजूला करतेय.